लाईन सुटत नाही

मोबाइल आल्यापासून ऑफिसातला ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाईनींना जोडणारं यंत्र, आज जाईल, उद्या जाईल असं ऐकतो आहे. पुण्याच्या एका वाहतूक पेढीत मात्र तो वाढवायला घेतला होता: एक्स्टेंशनांचं नवं कार्ड, दाराशी डोअरफोन आणि लँडलाईनच्या जोडीला सिमकार्डावर चालणारा जीएसएम गेटवे. संपादकांनी पाठवलं म्हणून गेलो, रेंगाळलो ते मेकॅनिकमुळे.

या यंत्राचा इतिहास सगळ्या माहितीपत्रकांत सापडतो. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, १२८ पोर्टांचा पीबीएक्स हे तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. परवाना घेऊन देशी कारखाने तो बनवू लागले. ‘झिरो दाबून बाहेरची लाईन घ्या’ हे वाक्य मग गल्लीबोळांतल्या ऑफिसांत पोचलं.

मेकॅनिकने गेटवेच्या नव्या पेटीला आधी हातच लावला नाही. तारा जोडायच्या क्रोन पट्टीवरच्या एकेका जोडीला मीटर लावत गेला. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी. रंगांची नावं पुटपुटत. त्याला बघायचं होतं, करंट कोण देतो आणि कोण घेतो. एक्स्टेंशनचा पोर्ट देणारा, साधारण ४८ व्होल्ट, बेल वाजवताना त्याहून बरेच जास्त. बाहेरच्या लाईनचा पोर्ट घेणारा. देणाऱ्याला देणारा जोडला तर बोलणं होत नाही, वर कार्ड जळायची धास्ती. गेटवे स्वतःच टेलिफोन खात्याचं सोंग घेतो, म्हणून त्याची जोडी बाहेरच्या लाईनच्या पोर्टात जाते. इथवर सगळं सरळ होतं.

बोलणं संपल्यावर मात्र लाईन सुटेना. पलीकडच्याने फोन ठेवला हे ईपीएबीएक्सला कळणार कसं? तांब्याच्या दोन तारांवर ‘संपलं’ असं सांगणारं वेगळं काही नसतं. एसटीडी-पीसीओच्या काही लाईनींवर बिलासाठी तारांची पोलॅरिटी उलटायची, त्यावरून उचलणं-ठेवणं कळे. साध्या लाईनीवर यंत्र कान देऊन बसतं: ४०० हर्ट्झचा एंगेज टोन, पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता. गेटवे चिनी बनावटीचा होता. त्याचा टोन ४५० हर्ट्झचा, ताल ०.३५ सेकंदांचा. यंत्राला तो एंगेज टोन वाटेचना, आणि लाईन अडकून राहायची. मेकॅनिकने टोनचा तक्ता उघडून आकडे बदलले, मोबाइलवरून फोन लावला, ठेवला. लाईन सुटली. मला हे जादूसारखं वाटलं. तो तोवर डोअरफोनकडे वळला होता.

खरी अडचण त्याने नंतर दाखवली. वीज गेली की ईपीएबीएक्समधला एक रिले पडतो आणि पहिली बाहेरची लाईन थेट एका ठरलेल्या फोनला जोडतो. एक्स्चेंजच्या बॅटरीचा करंट तारेतूनच येत असल्याने तेवढा एक फोन अंधारातही चालतो. घाईत कुणी पहिल्या जागी गेटवे लावला तर रिले पडूनही उपयोग शून्य, कारण विजेबरोबर गेटवेही गेलेला असतो. म्हणून तांब्याची लाईन त्याने हट्टाने पहिल्या पोर्टात ठेवली आणि रिलेचा फोन रात्रपाळीच्या वॉचमनच्या टेबलावर.

आता ती लाईनही फायबरवर जायची आहे. काचेतून करंट येत नाही. फायबरच्या डब्याला ऑफिसातलीच वीज लागते. म्हणजे डबा, गेटवे, ईपीएबीएक्स, सगळ्यांना मिळून मोठा यूपीएस हवा. त्याचं कोटेशन मालकांनी ‘बघू’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलं. फायबरवाले सोमवारी येणार आहेत.