गिटारवरील शफल लय



गिटार शिकूं लागलेल्या एखाद्या तरुणाला ‘काय वाजवितोस?’ म्हणून विचारलें आणि त्यानें ‘ब्लूजमधला शफल’ असें उत्तर दिलें, तर घरांतील वडीलधाऱ्या माणसांना त्यावरून फारसा बोध होत नाहीं. तो वाजवूं लागला म्हणजे तर निराशाच होते. दोन तारा, दोन बोटें, आणि तेंच तें पुन्हा पुन्हा! ना आलाप, ना तान. ‘यांत शिकण्यासारखें तें काय आहे?’ असा प्रश्न मनांत येणें स्वाभाविक आहे. माझ्याही मनांत तो आला होता. पुढें तें वादन स्वतःच करून पाहण्याचा प्रसंग आला, तेव्हां बोटें पडद्यांवर ठेवावयास मला एक सायंकाळ पुरली; परंतु त्यांतली लय साधावयास दोन महिने लागले. हें अंतर कशामुळें पडलें, तें आज सांगावयाचें आहे.

प्रथम ही लय कोणाची, तें पाहूं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. परंतु बंधमुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या वाट्याला दक्षिणेंत पुन्हा कापसाचींच शेतें आलीं, आणि त्यांच्याबरोबर कर्ज आलें. कामाचीं गाणीं, शेतांत एकट्यानें घातलेली साद आणि प्रार्थनामंदिरांतील भजनें यांतून विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास जें गायन आकारास आलें, तें ब्लूज. ‘शफल’ या शब्दाचा अर्थ पाय न उचलतां घासत चालणें. त्या समाजाच्या धार्मिक मेळ्यांत रिंगण करून पाय जमिनीवर घासत फिरण्याची जुनी रीत होती. पाय उचलून एकमेकांवरून टाकले, तर तो नाच ठरे, आणि नाच निषिद्ध मानलेला. घासत्या पावलाचा तोच डौल शफल ऐकतांना कानाला जाणवतो.

पियानोवर ही लय डाव्या हाताकडे असे. पाइनटॉप स्मिथ या वादकाची १९२८ सालची ध्वनिमुद्रिका त्याचा प्रसिद्ध नमुना आहे. पियानोवाल्याचा तो डावा हात गिटारच्या खर्जाच्या तारांवर आणणाऱ्यांत रॉबर्ट जॉन्सन याचें नांव मुख्यत्वें घेतलें जातें. १९३६ व १९३७ या दोन वर्षांत त्यानें एकोणतीस गाणीं मुद्रित केलीं, आणि १९३८ सालीं, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, तो वारला.

आतां बोटांचें काम पाहूं. तें खरोखरच सोपें आहे. गिटारला सहा तारा. सर्वांत जाड ती सहावी. पांचवी तार मोकळी छेडली म्हणजे ‘ए’ हा स्वर निघतो. त्याला आपण षड्ज मानूं. चवथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर तर्जनी ठेवली कीं पंचम मिळतो. त्याच तारेच्या चवथ्या पडद्यावर अनामिका टेकविली कीं शुद्ध धैवत मिळतो. षड्जासह पंचम दोनदां, षड्जासह धैवत दोनदां, आणि हेंच पुन्हा एकवार; असे आठ आघात झाले म्हणजे चार ठोक्यांचा एक खंड पुरा झाला. नखीचे सर्व आघात वरून खालीं करावे. उजव्या तळहाताची कड घोडीजवळ तारांवर हलकेच टेकवावी, म्हणजे नाद दबका आणि भरीव येतो.

हीच बोटें पातळ तारांच्या बाजूला एक तार सरकवून चवथी तार मोकळी छेडली, तर आधारस्वर मध्यम होतो. जाड तारेच्या बाजूला सरकवून सहावी मोकळी छेडली, तर तो मंद्र पंचम होतो. बारा खंडांचें एक आवर्तन असतें: चार खंड षड्जावर, दोन मध्यमावर, दोन षड्जावर, मग पंचम, मध्यम, षड्ज असा एकेक खंड, आणि अखेरच्या खंडांत पुन्हा पंचम, म्हणजे फिरून आरंभाकडे जाण्याची ओढ लागते. गाण्याच्या ओळीही बहुधा याच मापाच्या असतात. चार खंडांत एक ओळ, पुढील चारांत तीच पुन्हा, आणि शेवटल्या चारांत तिचें उत्तर.

येथवर अडचण नाहीं. अडचण पुढें आहे. आठ आघात चार ठोक्यांत बसवावयाचे, म्हणजे एका ठोक्यांत दोन. शिकणारा साहजिकच ठोक्याचे दोन समान भाग करतो, आणि शाळेच्या कवायतींतील ‘डावा-उजवा’ सुरू होतें. स्वर सारे बरोबर असतात, पण शफल नाहींसा झालेला असतो. शफलमध्यें ठोक्याचे भाग दोन नव्हेत, तीन पाडावयाचे. पहिला आघात पहिल्या भागावर आणि दुसरा आघात तिसऱ्या भागावर. मधल्या भागांत हात स्वस्थ राहतो; तेथें पहिल्याच आघाताचा नाद भरून राहिलेला असतो.

ज्यांनीं शाळेंत वृत्तें पाठ केलीं असतील, त्यांना ही गोष्ट एका वाक्यांत सांगतां येईल. गुरूच्या मात्रा दोन, लघूची एक. शफल म्हणजे गुरु-लघु, गुरु-लघु अशी अखंड चाल. पंधरा अक्षरांचें चामर वृत्त याच क्रमानें चालतें. आठ अक्षरांच्या समानिकेच्या चरणांत तर गुरु-लघूच्या नेमक्या चार जोड्या असतात, म्हणजे शफलचा एक खंडच झाला. आपलें छंदःशास्त्र आणि मिसिसिपीकांठचें गाणें यांचा जन्मसंबंध मुळींच नाहीं. परंतु कानाला ओळख पटविण्यास हा दाखला फार उपयोगी पडतो. मला तरी तोच उपयोगी पडला.

याच्या उलट एक दोष आहे. समान भाग होऊं नयेत या धास्तीनें कित्येक जण दुसरा आघात फारच उशिरां करतात. मग ठोक्याचे चार भाग होऊन आघात पहिल्यावर आणि चवथ्यावर पडतो, आणि लय झटके देत लंगडूं लागते. शफल या दोन दोषांच्या मधून चालतो. मुरलेले वादक तरी दोनास एक हें प्रमाण काट्यावर तोलून पाळतात असें नाहीं. गति वाढली कीं त्यांचे दोन भाग समानतेकडे झुकतात. गति मंद असली कीं तीन भाग स्पष्ट उमटतात. परंतु ही सूट घेण्याचा अधिकार मूळ प्रमाण अंगीं बाणल्यावरच येतो.

तें अंगीं बाणविण्याचा क्रम असा: आधीं पाय, मग उजवा हात, मग स्वर. प्रथम गिटार बाजूला ठेवून चालावें, आणि प्रत्येक पावलागणिक ‘एक-दोन-तीन’ म्हणावें. नंतर ‘दोन’ मनांतल्या मनांत म्हणावें. मग गिटार घेऊन डावा हात तारांवर नुसता टेकवावा आणि स्वर न काढतां नखीनें घासावें. ती घसट चालूं लागली म्हणजे मगच बोटें दाबावीं. मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवावा. बारा खंडांचे ठोके अठ्ठेचाळीस. म्हणजे एक आवर्तन बरोबर अठ्ठेचाळीस सेकंदांत झालें पाहिजे. मग यंत्र बंद करून नुसत्या घड्याळावर पाहावें. पहिल्या परीक्षेंत माझें आवर्तन चाळीस सेकंदांतच आटोपलें. आधारस्वर बदलण्याची जागा जवळ आली कीं मन पुढें धांव घेई, आणि हात त्याच्या मागें जाई. आयुष्यभर मुलांना ‘घाई करूं नका’ म्हणून सांगणाऱ्याला ही शिक्षा योग्यच होती.

आतां शेवटची गोष्ट. एडी टेलर आणि जिमी रीड हे मिसिसिपींत जन्मलेले बालमित्र. दोघेही पुढें शिकागोस गेले. १९५० नंतरच्या दशकांत जिमी रीडच्या ध्वनिमुद्रिका अमेरिकाभर खपल्या. त्यांतील अनेक गाण्यांच्या मागें जी संथ, न चळणारी शफल गिटार ऐकूं येते, ती एडी टेलरची आहे. नांव पुढें गाणाऱ्याचें झालें, आणि तें योग्यही असेल. पण ती मागची गिटार मनानें वगळून तीं गाणीं ऐकून पाहा. गायकाला पाय ठेवावयास जमीनच उरत नाहीं. आपल्याकडे गवयाला सम ज्याच्या भरंवशावर गांठतां येते, त्या ठेका धरणाऱ्या तबलजीची योग्यता रसिकांना सांगावयास नको.

म्हणून माझी एवढीच विनंति आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी शेजारच्या खोलींत तेंच तें वाजवीत असेल, तर ‘आतां दुसरें कांहीं वाजव’ असें लगेच म्हणूं नका. क्षणभर बसा, पायानें ठोका धरा, आणि मधली मात्रा मोकळी राहते कीं नाहीं तें ऐका. राहत असेल, तर मूल शिकत आहे असें समजा. राहत नसेल, तर त्याला तेंच तें आणखी कांहीं दिवस वाजवूं द्या.