ए एस

धुळ्याला चक्करबर्डीत, हिरे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ओपीडीची गर्दी ओसरत नाही. बाकावर साक्रीकडची एक माय लेकीचा रिपोर्ट मुठीत धरून बसली आहे. पाड्यावरच्या सिकलसेल शिबिरात लेकीचं रक्त घेतलं, कागदावर ‘पॉझिटिव्ह’ आलं, तेव्हापासून घरात धड कुणी जेवलेलं नाही. आज दुसरा कागद मिळाला आहे. त्यावर दोनच अक्षरं: ए एस.

“पोर वाची ना, सिस्टर?”

“तिला आजारच नाही, माय. बसा अशा.”

सिस्टर घाई करत नाही. शिबिरातल्या सोल्युबिलिटी तपासणीत रक्तात सिकल आहे एवढंच दिसतं; माणूस वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस केल्यावर कळतं. ती मुलीच्या हातातल्या दोन बांगड्या धरते. “एक आईकडची, एक बापाकडची. हिची एक चांगली, एक सिकलची. म्हणून ए एस, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलच्या असल्या की एस एस. त्या लेकराचे सांधे ठणकतात, रक्त कमी होतं, ताप लवकर धरतो.”

१ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली होती. मला वाटतं, तपासणीइतकीच मोलाची ही बाकावरची दहा मिनिटं आहेत. ती मिळाली नाहीत तर धडधाकट पोरगी जन्मभर आजारी म्हणून वावरेल.

“मंग लगीन?” माय हळूच विचारते.

“खुशाल करा. आधी मुलाचं रक्त तपासा. दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक खेपेला बाळ एस एस होण्याची शक्यता चारात एक. मुलगा ए ए असला, तर एकही बाळ एस एस होणार नाही.” मग सिस्टर रिपोर्ट उलटा ठेवते. “आता घरी काय सांगाल?”

“पोरले काही व्हयेल नही. लगीनना पहिले नवरदेवनं रगत तपासनं.”

“बरोबर. पण ही सिकलची बांगडी तुमची की हिच्या वडिलांची, तेही बघायला हवं. धाकट्या भावाचंही रक्त तपासू.”

बाप पोराला घेऊन गुजरातेत ऊसतोडीवर आहे, आखाजीला येईल. मायचं रक्त आजच घ्यायचं ठरतं. सिस्टर केसपेपरवर लिहिते: वडील, भाऊ, सिकल तपासणी, आखाजीनंतर. लेक ते मोठ्यानं वाचून दाखवते.