उकाड्याचा साक्षीदार

विडी वळणाऱ्या आमच्या भगिनींचे घर हाच त्यांचा कारखाना. 'पत्र्याखाली जीव घुसमटतो' हे त्यांचे बोलणे वाटाघाटीत टिकत नाही. आकडा टिकतो, तोही खरा असेल तरच. एकदा मी उन्हात ठेवलेल्या तापमापकाचा आकडा घेऊन गेलो आणि पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर झालो.

आज घरगुती हवामान-केंद्र बिनतारी मिळते. बाहेरचा संवेदक उष्णता व आर्द्रता मोजून रेडिओलहरींनी आतल्या दर्शकाला कळवतो. प्रथम दोन्ही शेजारी ठेवून जुळवावेत, मग संवेदक हलवावा. जाड भिंत व लोखंडी पत्रा लहरी अडवतात.

खरे मर्म जागेत आहे. संवेदक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, भिंतीपासून दूर, वारा खेळेल अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवावा. उन्हात तो हवेचे नव्हे, स्वतःच्याच तापल्या अंगाचे तपमान सांगतो. आर्द्रताही टिपावी, दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही.

दुसरा संवेदक आत, बाई बसते तिथे ठेवावा. दोन्ही आकडे रोज ठराविक वेळी वहीत लिहावेत. त्यांतला फरक हेच आपले गाऱ्हाणे. आणि ते खोडणे कठीण.