असं का होतं? : डिश हलत का नाही?

गच्चीवरची डिश एकदा बसवून नटबोल्ट आवळले की वर्षानुवर्षं एकाच दिशेला तोंड करून असते. उपग्रह तर सतत फिरतो. मग तो तिच्या टप्प्यातून निसटत कसा नाही?

खुबी उंचीत आहे. उपग्रह जितका उंच, तितकी त्याची फेरी सावकाश. सुमारे ४०० किलोमीटरवरचं अंतराळ स्थानक दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा उरकतं. ३५,७८६ किलोमीटरवर मात्र फेरीला २३ तास ५६ मिनिटं लागतात. पृथ्वीही स्वतःभोवती तेवढ्याच वेळात फिरते. जत्रेतल्या फिरत्या चक्रावर पुढच्या घोड्यावरचं पोर आपल्याला जागच्या जागीच दिसतं, तसंच हे.

उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर असला, तरच हे जमतं. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ तिथेच, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणून महाराष्ट्रात तिची तबकडी आग्नेयेकडे वळवतात.