विमानांच्या मासिकांची पारख

विमानांचा छंद जडलेल्या मनुष्यास आपल्या देशात प्रत्यक्ष विमानापेक्षा छापील कागदाचाच सहवास अधिक लाभतो. विलायतेत विमानतळाच्या कुंपणाबाहेर दुर्बीण घेऊन उभ्या राहणाऱ्या आणि प्रत्येक विमानाचा नोंदणीक्रमांक वहीत टिपणाऱ्या हौशी मंडळींकडे पोलीस कौतुकाने नाही तरी सहिष्णुतेने पाहतात. आपल्याकडे मात्र तळावरील छायाचित्रणावर 1937 च्या नियमावलीपासून निर्बंध चालत आलेले असल्याने, कुंपणापाशी रेंगाळणाऱ्या इसमास आपल्या निष्पापपणाचा खुलासा करता करता विमान दिसेनासे होते. म्हणून मासिकाची निवड हा येथील विमानप्रेमी मनुष्यास किरकोळ प्रश्न नव्हे.

‘कोणते मासिक घ्यावे?’ असे विचारणाऱ्यास प्रथम ‘विमानातले तुम्हांला काय आवडते?’ असे उलट विचारावे लागते. स्वतः उड्डाण करणाऱ्यांसाठी शिकागोस 1927 मध्ये ‘पॉप्युलर एव्हिएशन’ या नावाने जन्मलेले ‘फ्लाइंग’ आहे. प्रवासी विमानांच्या भक्तांसाठी ‘एअरलायनर वर्ल्ड’ आहे. जतन केलेली जुनी लढाऊ विमाने पाहून ज्यांचे डोळे पाणावतात त्यांच्यासाठी 1981 पासूनचे ‘फ्लायपास्ट’ आहे. आवड एकदा ठरली की इथवरची निवड कोणीही करील. खरी पारख पुढेच आहे, आणि तिच्यासाठी थोडे मागे जावे लागते.

‘फ्लाइट’ या लंडनच्या साप्ताहिकाचा पहिला अंक जानेवारी 1909 मध्ये निघाला, म्हणजे फ्रेंच वैमानिक ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडण्याच्या सहा महिने आधी. ज्या देशात धड उडणारी विमाने बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती, तेथे स्टॅन्ली स्पूनर यांनी त्यांच्यासाठी दर आठवड्यास नियतकालिक काढावे, हा व्यवहारी मनुष्यास निव्वळ वेडेपणाच वाटला असेल. 1911 मध्ये सी. जी. ग्रे यांनी ‘द एरोप्लेन’ काढून त्यास प्रतिस्पर्धी उभा केला. त्या साहसामागचे द्रव्य होते पुढे सर व्हिक्टर म्हणून ख्यात झालेल्या ससून यांचे, म्हणजे मुंबईची गोदी आणि पुण्याचे इस्पितळ ज्या घराण्याचे नाव धारण करतात त्याच घराण्यातील एका विमानवेड्याचे! ‘फ्लाइट’ संयमी, तपशिलास चिकटून राहणारे; ग्रे यांचा पत्रव्यवसाय कलहप्रिय, सरकारी विमान कारखान्यावर वर्षानुवर्षे तुटून पडणारा. वाचण्यास ग्रे अर्थातच अधिक चुरचुरीत. परंतु ज्या लेखणीस स्वतःच्या मताचा मोह आवरत नाही ती काळाच्या ओघात कोठे वाहत जाते याचाही तेच दाखला आहेत, कारण हुकूमशाही राजवटींविषयीच्या त्यांच्या सहानुभूतीने त्यांच्या कीर्तीस काळिमा लागला आणि 1939 मध्ये त्यांचे संपादकपद संपले. 1968 साली ‘फ्लाइट’ने ‘एरोप्लेन’ला पोटात घेतले, पुढे 1973 मध्ये ते नाव इतिहासाला वाहिलेल्या मासिकासाठी पुन्हा उपयोगात आले.

या साप्ताहिकांची चिरस्थायी देणगी कोणती, असे विचाराल तर मी छेदचित्रांकडे बोट दाखवीन. मॅक्स मिलर यांच्यासारखे चित्रकार विमानाचे बाह्य आवरण जागोजागी दूर करून आतील तुळया, फासळ्या, इंधनटाक्या, सुकाणूच्या तारा इतक्या बारकाईने रेखाटीत की छायाचित्राने जे कधीही सांगितले नसते ते एका दृष्टिक्षेपात उमगावे. हरिकेन आणि स्पिटफायर या दोन ब्रिटिश लढाऊ विमानांची छेदचित्रे शेजारी ठेवून पाहा: हरिकेनची पाठ पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेली, तर स्पिटफायरचे पत्र्याचे कवच स्वतःच भार पेलणारे. गोळ्यांनी चाळण झालेले हरिकेन तळावरच ठाकठीक करून पुन्हा लढाईस पाठविणे तुलनेने सोपे का जात असे, हे मग कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही. एखादे मासिक हाती घेतल्यावर त्यात अशी चित्रे आहेत की केवळ सूर्यास्ताच्या पार्श्वभूमीवर झेपावणाऱ्या विमानांची रंगीत छायाचित्रे, हे मी आधी पाहतो.

मात्र सुरेख चित्र म्हणजे सत्य मजकूर नव्हे. 1916 पासूनची परंपरा असलेल्या अमेरिकेच्या ‘एव्हिएशन वीक’चा लष्करी वर्तुळांतही दरारा, तरी त्याच साप्ताहिकाने 1 डिसेंबर 1958 च्या अंकात, सोव्हिएत रशिया अणुशक्तीवर चालणाऱ्या बाँबफेकी विमानाची उड्डाणचाचणी घेत असल्याचे वृत्त छातीठोकपणे छापले. प्रत्यक्षात ते मियासिश्चेव्ह एम-50 हे साध्या जेट इंजिनांचे विमान होते, आणि ते प्रथम उडाले ऑक्टोबर 1959 मध्ये! ताजी बातमी देणाऱ्या पत्रास अशी जोखीम पत्करावीच लागते, म्हणून त्यावर रोष धरण्यात अर्थ नाही.

इतिहासाच्या प्रांतातील चूक मात्र अधिक चिवट. जर्मनीचे सहा इंजिनांचे युंकर्स 390 विमान 1944 साली न्यूयॉर्कच्या किनाऱ्यानजीक जाऊन सुखरूप परतले, ही कथा 1955 साली ‘आरएएफ फ्लाइंग रिव्ह्यू’ मासिकाच्या पत्रव्यवहारात एका वाचकाच्या पत्रातून प्रकटली. तेथून ती त्या मासिकाच्या संपादकवर्गातील विल्यम ग्रीन यांच्या ग्रंथांत शिरली, आणि ग्रीन यांचा अधिकार मोठा असल्याने इतरांनी ती शहानिशा न करता उतरवून घेतली. दस्तऐवज धुंडाळणाऱ्या इतिहासकारांना आधार काही सापडला नाही. मुंबईच्या चौपाटीवरील 1895 च्या तळपदे यांच्या कथित विमानोड्डाणाची कथा ज्या रीतीने आपल्याकडे तोंडोतोंडी पुष्ट होत गेली, आणि समकालीन पुरावा मात्र आजवर कोणी पुढे केला नाही, ती रीत याहून फारशी निराळी नाही.

आणि गंमत अशी की विमानेतिहासाचे ज्यास मी सर्वांत भरवशाचे नियतकालिक समजतो ते ‘एअर एन्थुझिअ‍ॅस्ट’ याच ग्रीन यांनी गॉर्डन स्वॅनबरो यांच्यासह 1971 मध्ये सुरू केले. 1974 मध्ये त्या मासिकाचे नामांतर ‘एअर इंटरनॅशनल’ असे झाले, आणि मूळ नावाने इतिहासाचे एक स्वतंत्र, संथ प्रकाशन चालू राहिले, ते 2007 मध्ये बंद पडेपर्यंत. अशा नियतकालिकाचा अंक मी मागून, वाचकांच्या पत्रांपासून वाचावयास घेतो. अमुक छायाचित्रातील विमान त्या तुकडीचे नव्हेच, अमुक तारखेस तो वैमानिक रुग्णालयात होता, अशा तक्रारी जेथे विनासंकोच छापल्या जातात तेथील लेखक पुढच्या खेपेस अधिक जपून लिहितात. जेथे केवळ स्तुतिपत्रे छापतात तेथील आकडे मी वहीत उतरवून घेत नाही.

भारतीय वायुदलाविषयी वाचू इच्छिणाऱ्यास पुष्पिंदर सिंग यांनी 1974 मध्ये स्थापन केलेल्या दिल्लीच्या ‘वायु’स पर्याय शोधणे कठीण आहे, कारण परदेशी मासिकांना आपल्या तुकड्यांविषयी जी माहिती पुसट असते ती तेथे हक्काने मिळते; अलीकडच्या अशा पत्रांत कारखानदारांच्या जाहिरातींची गर्दी दिसते खरी, पण त्यांचीही दखल घ्यावी, कारण कोणता देश कोणास काय विकू पाहत आहे हे संपादकीयाआधी जाहिरातीच सांगून टाकतात.

राहता राहिला खर्च. परदेशी मासिकाची वर्गणी आणि टपालहशील सामान्य पगारदारास सहजी झेपणारे नाही. तेव्हा बातम्यांचे पत्र ग्रंथालयात चाळावे आणि पदरचे पैसे इतिहासाच्या जुन्या अंकांवर खर्चावे, कारण ते शिळे होत नाहीत. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील पथाऱ्यांत असे अंक अधूनमधून नजरेस पडतात. घासाघीस करण्यापूर्वी मधली पाने उघडून छेदचित्र जागेवर आहे ना याची खातरजमा करावी; पूर्वीच्या मालकाने भिंतीवर लावण्यासाठी नेमके तेवढेच पान काढून घेतलेले असण्याचा संभव फार.