जोडीतले शब्द (११) : क्लॉक वाजतं, वॉच जागतं

माझ्या भाच्याने सहामाही परीक्षेत ‘माझी शाळा’ या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहिल्या. त्यातल्या एका ओळीभोवती बाईंनी लाल शाईने गोल केला होता. वर्गाच्या भिंतीवर एक वॉच आहे, असं त्याने लिहिलं होतं. अर्धा गुण गेला. रविवारी तो पेपर घेऊन माझ्यासमोर उभा. “मामा, क्लॉक म्हणजे घड्याळ, वॉच म्हणजे पण घड्याळच. मग माझं चुकलं काय?”

शाळेतला नियम त्याला सांगितला. अंगावर वागवायचं ते वॉच, भिंतीवर टांगायचं किंवा टेबलावर ठेवायचं ते क्लॉक. नियम चांगला आहे, परीक्षेपुरता पुरतोही. पण पोरगं चलाख. माझ्या खिशातला मोबाइल काढून त्याने त्यातलं घड्याळाचं चित्र दाखवलं. खाली स्वच्छ लिहिलं होतं, क्लॉक. खिशात वागवतो ते वॉच व्हायला हवं होतं ना? मोटारीच्या डॅशबोर्डवरचंही क्लॉकच, गाडी ताशी ऐंशीने पळत असली तरी. म्हणजे नुसत्या जागेवरून हे प्रकरण मिटत नाही. या दोन शब्दांची कुळं काढावी लागतात.

क्लॉकचं कूळ आहे घंटेचं. मध्ययुगीन लॅटिनमध्ये घंटेला ‘क्लोका’ म्हणत. फ्रेंचमध्ये आजही घंटा म्हणजे ‘क्लोश’, जर्मनमध्ये ‘ग्लोके’. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये १३८६च्या सुमाराचं एक लोखंडी क्लॉक जपून ठेवलेलं आहे. त्याला तबकडी नाही. काटे नाहीत, आकडे नाहीत. बघण्यासारखं त्यात काही नव्हतंच, कारण त्याचं काम एकच : तासातासाला घंटेवर टोल हाणायचे. लोकांनी कानाने वेळ ओळखायची. तबकड्या सर्रास आल्या त्या मागाहून. लंडनच्या ज्या प्रसिद्ध घड्याळाला आपण ‘बिग बेन’ म्हणतो, तेही काटेकोर बोलायचं तर घड्याळाचं नाव नाही. बिग बेन ही आतली साडेतेरा टनांहून जड घंटा. १८५९ पासून ती वाजते आहे. मनोऱ्याचं नाव वेगळं, आणि सारं जग मात्र घंटेच्या नावाने घड्याळाला हाक मारतं. शब्दाच्या इतिहासाकडे पाहिलं तर जग फारसं चुकत नाही.

वॉचला घंटेशी काही देणंघेणं नाही. तो शब्द निघाला आहे जागण्यातून. जागं होणं या अर्थाचा ‘वेक’ हा त्याचा सख्खा भाऊ. वॉच म्हणजे मुळात जागता पहारा. आपल्या सोसायटीच्या फाटकावर खुर्ची टाकून बसतो तो वॉचमन या जुन्या अर्थाचा आहे, त्याच्या मनगटावर घड्याळ असो वा नसो. (रात्री अडीच वाजता तो जागा असतो का, हा प्रश्न व्युत्पत्तीच्या कक्षेबाहेरचा.) जहाजावर खलाशांच्या पाळीला वॉच म्हणतात. एक वॉच चार तासांची, आणि दर अर्ध्या तासाला घंटेचा टोला वाढत जातो. आठ टोले पडले की पाळी बदलली. पहाऱ्याचं नाव पुढे वेळ दाखवणाऱ्या छोट्या यंत्राला मिळालं. ते ठणठणत नाही, गप्प राहून लक्ष ठेवतं.

या दोन शब्दांमधली सीमा कुठे पडते, ते जॉन हॅरिसनच्या कामात फार छान दिसतं. समुद्रात जहाज किती रेखांशावर आहे हे कळायला बंदरातली नेमकी वेळ जहाजावर टिकवून धरावी लागे. १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने यासाठी २०,००० पौंडांपर्यंत इनाम लावलं. हॅरिसन सुतार. त्याने आधी तीन अवजड यंत्रं केली, पहिलंच सुमारे ३४ किलोचं. त्या तिघांना क्लॉक म्हणतात. मग १७५९ मध्ये त्याने चौथं पुरं केलं. जेमतेम तेरा सेंटिमीटर व्यासाचं, रुपेरी डबीतलं, खिशातल्या घड्याळाचा मोठा भाऊ शोभावा असं. १७६१ च्या अखेरीस ते जमैकाला निघालं आणि तिथे पोचेपर्यंत अवघे पाच सेकंद मागे पडलं. हे चौथं मात्र वॉच! कोणी ते मनगटाला बांधलं नव्हतं, पेटीत उशीवर निजवून नेलं होतं. पण घाट वॉचचा आणि काम रात्रंदिवस जागं राहण्याचं.

वाक्प्रचारांतही हे कुळाचार टिकले आहेत. ‘ओ’क्लॉक’मधला ‘ओ’ म्हणजे ‘ऑफ द’. पाच ओ’क्लॉक म्हणजे घंटेचे पाच. साऱ्यांना मिळून मोजायची वेळ असली की इंग्रजी माणूस क्लॉककडे वळतो : कारखान्यात हजेरी लागते ती क्लॉकवर, अहोरात्र चालणारं काम ‘अराउंड द क्लॉक’, शरीराच्या आतलं झोपेचं चक्रही बायॉलॉजिकल क्लॉक. वॉचपाशी कोणीतरी डोळे उघडे ठेवून उभा असतो. सावध राहा म्हणायचं तर ‘वॉच आउट’. मोबाइलचा उलगडाही इथेच होतो. मोबाइल स्वतः घड्याळ नव्हे. त्याच्या आत टांगलेलं ते भिंतीवरचंच घड्याळ आहे, आणि गजरही तेच देतं.

आता आपल्याकडे. एका शब्दावर आपण दोन्ही भागवतो म्हणून मराठी गरीब, असं कोणी म्हणेल तर त्याने ‘किती वाजले?’ हा प्रश्न ऐकावा. मनगटावरचं मुकं घड्याळ बघून आपण सांगतो, साडेपाच वाजले. वाजलं काय? काहीच नाही. इंग्रजांनी घंटा नामात ठेवली, आपण क्रियापदात. घड्याळ हा शब्द घटिकेच्या कुळातला. घटिका म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की चोवीस मिनिटांत भरून बुडते. अशा साठ घटका म्हणजे एक अहोरात्र. वाटी बुडाली की झांज किंवा घंटा वाजवायची. अशा जाड पितळी तबकावर टोल देणाऱ्या घडियाल्यांचं वर्णन बाबराने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवलं आहे. लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र मांडायची चाल आपल्याकडेही होती. पाहुण्याला ‘घटकाभर बसा’ म्हणताना आपण त्याला नेमकी चोवीस मिनिटं देत असतो. तो दोन तास बसतो ही गोष्ट निराळी.

याहून गंमत प्रहराची. प्रहर म्हणजे तीन तास, दिवसाचे आठ. शब्दाचा मूळ अर्थ आघात, तबकावरचा टोला. प्रहार त्याच धातूचा. आणि याच प्रहरातून निघाला पहारा, पहारेकरी. म्हणजे इंग्रजीत ज्यांची कुळं वेगळी ती घंटा आणि राखण आपल्याकडे एकाच घरात नांदतात. क्लॉक आणि वॉच, दोन्ही.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, “पण मामा, आमच्या वर्गातलं घड्याळ दिवाळीपासून बंद आहे. ते वाजतही नाही आणि जागतही नाही.” अर्धा गुण मागायला बाईंकडे जाऊ नकोस, एवढं मी त्याला बजावलं.

पुढच्या आठवड्यात ‘शेड’ आणि ‘शॅडो’. मराठीत दोन्ही सावलीच. पण एकीत बसता येतं, दुसरीत नाही.