गुडघा : एक अद्भुत सांधा

मनुष्याच्या देहांत सांधे पुष्कळ आहेत. परंतु गुडघ्याएवढा मोठा सांधा दुसरा नाहीं. माजरीच्या कोळशाच्या खाणींत राबणारा कामगार असो, आपल्या जिल्ह्यांत धानाच्या बांधींत रोवणी करणारी स्त्री असो, किंवा हुतूतू खेळणारा विद्यार्थी असो, सर्वांची भिस्त याच सांध्यावर. म्हणून त्याची रचना प्रत्येकानें जाणून घेणें अगत्याचें आहे.

गुडघ्यांत तीन हाडें एकत्र येतात : वर मांडीचें, खालीं नडगीचें आणि पुढें वाटी. मांडीच्या हाडाचें टोंक गोलसर, तर नडगीचा माथा जवळजवळ सपाट. पाटावर दोन गोटे ठेवावे, तशी ही जोडणी! मग हीं हाडें घसरत कां नाहींत? चार बळकट बंध त्यांस बांधून ठेवितात : दोन बाजूंस, आणि दोन सांध्याच्या आंत, फुलीप्रमाणें एकमेकांस छेदून. शिवाय हाडांमध्यें कूर्चेच्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या आहेत. त्या मधली पोकळी भरून काढितात व भार विस्तृत जागेवर पसरवितात.

गुडघा दाराच्या बिजागरीसारखा आहे, असें पुष्कळांस वाटतें. तें अर्धेंच खरें. पाय पूर्ण सरळ करितांना हाडें एकमेकांवर किंचित् वळतात आणि सांधा कुलूप लावल्याप्रमाणें घट्ट होतो. त्यामुळें मांडीच्या स्नायूंस फारसे श्रम न पडतां आपण उभे राहूं शकतों. वाटी मांडीच्या स्नायूचा कंडरा पुढें उचलून धरिते, म्हणून त्याच्या ओढीस अधिक जोर येतो. ही ओढ हाडांस एकमेकांवर दाबतेही. त्यामुळें ४० किलो वजनाच्या मुलाच्या गुडघ्यावर चालतांना सुमारें अडीचपट, म्हणजे १०० किलो भार येतो. जिना उतरतांना तो साडेतीनपटीच्या जवळ जातो.

चकत्यांचा इतिहास बोधप्रद आहे. १८८३ सालीं एडिंबरो येथें टॉमस अ‍ॅनन्डेल या शस्त्रवैद्यांनीं एका खाणकामगाराच्या गुडघ्यांतील निसटलेली चकती टांके घालून जागेवर बसविली. परंतु १८९७ सालीं ब्लँड-सटन यांनीं चकत्यांस स्नायूंचे निरुपयोगी अवशेष ठरविलें, आणि पुढें कित्येक वर्षें फाटलेली चकती काढून टाकण्याचीच रीत होती. १९४८ सालीं फेअरबँक यांनीं क्ष-किरणांच्या चित्रांवरून दाखविलें कीं, चकती काढलेल्या गुडघ्याचें स्वरूप पालटूं लागतें. आतां शक्य तेथें चकती वांचवितात.

चकतीच्या बाहेरील कडेसच रक्त पोहोंचतें. आंतला भाग फाटल्यास सहसा आपोआप जुळत नाहीं. म्हणून पाय जमिनीवर रोवलेला व गुडघा वांकलेला असतां अंग झटक्यानें पिळूं नये. गुडघे टेकून सतत काम केल्यास वाटीपुढील द्रवाची पिशवी सुजते. खाणकामगारांचा हा जुनाच विकार आहे. अशा कामीं गुडघ्यांस जाड गादी बांधावी. गुडघा मुरगळून सुजला, अडकला किंवा लटका पडूं लागला, तर चोळण्यांत दिवस न दवडतां डॉक्टरांस दाखवावा.

विद्यार्थीमित्रांनो, घरांतील मिळवत्या माणसाचा गुडघा निकामी झाला, तर त्याची झळ सर्व कुटुंबास लागते. आपले वडील किंवा आई लंगडत घरीं आलीं, तर हें ज्ञान त्यांच्या कानीं घाला, आणि स्वतः नित्य व्यायामानें मांडीचे स्नायू बळकट ठेवा. गुडघ्याचे खरे राखणदार तेच होत.